बी वाजेपर्यंत

नंदुरबारच्या कोर्टात दुपारचा पंखा फिरतो
तेव्हा कागदांवरही मिरचीची भुकटी बसते.
फाईल उघडली की मी आधी शिंकतो,
मग वाचतो.

कौतिक आप्पांचा दावा: दोनशे दहा पोती,
आठ लाख चाळीस हजार येणे, इंदूरच्या झुंबरलालकडून.
पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न,
"वकीलसाहेब, मना पैसा कवय भेटतीन?"

म्हणालो, साक्षीपुराव्याविना थेट निकाल मागता येतो, आप्पा,
पण पथारीवरची मिरची तुम्ही पोत्यात कधी भरता?
"वली भरी तं बुरशी," ते म्हणाले,
"फार तापली तर हातातच चुरा.
मुठीत धरून हलवायची. बी वाजलं पाहिजे."
मग तसंच.
आधी समोरच्याला बोलू द्यायचं.

कैफियत आली. तेवीस पानं.
दावा नाकबूल, पावत्या नाकबूल,
पोत्यांचा रंगसुद्धा नाकबूल.
आणि परिच्छेद सतरामध्ये, भलत्याच ओघात,
"सदर मालाची रक्कम देण्यास प्रतिवादीने मुदत मागितली असता..."
मी पान कानाशी नेलं.
वाजलं.

त्याच संध्याकाळी अर्ज टाईप केला,
कबुलीवर निकाल मिळावा म्हणून.
उद्या नको, आजच; तो कैफियत दुरुस्त करायला धावायच्या आत.
आप्पांना सहीला बोलावलं, समजावलं:
आता साक्ष नाही, उलटतपास नाही,
तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहावंच लागणार नाही.

ते पेन धरून बसून राहिले.
अंगात कोरा पांढरा सदरा होता.
साक्षीसाठी शिवलेला, आज मापाला घातला होता.
तीन वर्षं पाठ करत होते म्हणे, मिरची उलथवता उलथवता:
सेंधव्याच्या घाटात ट्रक रात्रभर कसा अडला,
झुंबरलालने मलईचा चहा कसा पाजला,
नंतर फोन कसा वाजत राहिला,
हमालांना मजुरीऐवजी मिरची कशी वाटली.

"मंग मी बोलसू कवय?"

याला कलम कुठलं, मी शोधलं नाही.
अर्ज बाजूला सरकवला, दार लोटलं.
कारकुनाला म्हणालो, बस इथे, लिहू नकोस.
आणि आप्पांना,
शपथेवर सांगा.

ते उठले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.
बाहेर दिवे लागले तरी ते घाटातच होते.
मध्ये मला शिंक आली.
ते थांबले, मान झुकवून,
पुढचा प्रश्न येईल म्हणून.