सहावी जागा

मी आधीच सांगितलं, मादाम थेरियो,
जनरेटर साडेपाच हजार वॉटचा आहे,
अख्खं घर नाही ओढणार.
या पेटीत जागा सहा. सहाच.
काय जगवायचं ते तुम्ही ठरवा.

ती म्हणाली, मग बाकीचं मारायचं?
नाही, म्हटलं, बाकीचं नुसतं थांबेल.

काराकेतला डिसेंबरात समुद्र काठाकाठानं गोठू लागतो.
गेल्या साली तारांवर बोटभर बर्फ चढलं
आणि अकरा दिवस वीज नव्हती.
अकरा दिवस ती लाकडाच्या शेगडीपाशी एकटी,
अंगात नवऱ्याचा कोट,
फ्रीजरमधलं मांस अंगणातल्या बर्फात पुरलेलं.
निम्मं कोल्ह्यानं नेलं.

तळघरात पॅनेलचं दार उघडलं.
ब्रेकरांशेजारी पेन्सिलीनं फिलियासचं अक्षर:
स्वयंपाकघर. मुलं. वरचं. वरचं, दुसरं.
मुलं केव्हाच मॉन्क्टनला, एक त्याहून लांब.
मी एकेक खटका पाडत गेलो,
ती जिन्यावरून ओरडत राहिली:
गेलं!
गेलं!
हे नाही गेलं! थांब, रेडिओ गेला!
घराची नाडी बघायची याहून बरी तऱ्हा
मला तीस वर्षांत सापडलेली नाही.

चौदा नंबरला काहीच गेलं नाही.
नावही नव्हतं. पेन्सिलीचा एक ठिपका, बस.
तो पाडलेलाच ठेवला आणि पुढे गेलो.

विहिरीचा पंप दोन जागा खातो, त्याचा स्वभावच तो.
भट्टीला एक. फ्रीजरला एक.
स्वयंपाकघराचा दिवा आणि किटली मिळून एक.
सहावी? टीव्ही, म्हणाली. मग नको.
मग निजायच्या खोलीतला दिवा. मग म्हणे,
झोपायला दिवा कशाला लागतो?

तेवढ्यात मी पोलादी पट्टी बसवली,
खांबावरची वीज आणि जनरेटरची वीज
दोघींच्या मधोमध.
एक वर असली की दुसरी चढूच शकत नाही.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,
ही इतरांची म्हण असेल, आमचा कायदा आहे.
नाहीतर घरची वीज उलटी फिरून तारेवर जाते
आणि तिकडे खांबावर कुणीतरी
मेलेली तार समजून हात घालतो.
मेलान्सनांचा धाकटा असाच गेला.
शवपेटीला माझाही खांदा होता.
ही पट्टी मी दोनदा आवळतो.

पाचच्या सुमारास मागच्या दारावर थाप.
युदोर. कुंपणापलीकडचा.
एका होडीवरून एकोणीस वर्षं दोन घरांत बोलणं नाही.
फिलियासला पुरलं त्या दिवशीही
शेवटच्या बाकावरून मधूनच उठून गेलेला.
टोपी हातात, नजर टोपीत. म्हणाला,
माझ्या तळघरात पाणी चढतंय.
तुम्ही... काही बंद केलंत का?

मी खाली जाऊन चौदा वर केला.
परत आलो तर दोघं होती तिथंच उभी.
युदोर सांगत होता, टोपीलाच सांगितल्यासारखं:
होडी गेली त्या हिवाळ्यात माझं मीटर कापून नेलं.
यानं रात्री चर खणला.
बोलला नाही. मीही नाही.
पुढे मीटर परत आलं,
ती तार मात्र कुणीच काढली नाही.

बराच वेळ भट्टीचा तेवढा आवाज.
मग ती म्हणाली,
दर नोव्हेंबरला पायरीवर कालवांची पेटी असते.
मी चर्चला आभाराचं कार्ड पाठवते.

हे नियमात बसत नाही.
एका मीटरवरून दुसऱ्या घरात, कुंपणाखालून,
कुणालाही न विचारता;
हे सगळं मी बोललो, बोलणं माझं काम.
वसंतात जमीन उकलली की नीट करावं लागेल, म्हटलं.
तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,
तो पंप किती खातो?
आठशे. सुरू होताना दुपटीहून जास्त.
मग त्या वेळी किटली बंद ठेवीन.

मुख्य खटका पाडला, पट्टी सरकवली, दोरी ओढली.
तिसऱ्या ओढीला जनरेटर खोकून लागला.
घर जरासं पिवळं पडलं आणि सावरलं.

लेबलं चिकटवत होतो.
सहावीवर काय लिहू, विचारलं.
तिनं पेन माझ्या हातातून घेतलं
आणि लिहिलं: कालवं.

तपासनीस सोमवारी येतो.
विचारलंच तर
दुसरा फ्रीजर म्हणून सांगणार आहे.