केवड्याची साक्ष

तिरुवन्नामलै, कार्तिकै

सव्वीस वर्षं मी या डोंगरावर तूप वाहिलं.
आमच्या कुळाचाच मान तो. तळ्यातले मासे धरणारे आम्ही,
वर्षातून एकदा डोंगर चढतो
आणि माथ्यावरच्या कढईत आग ठेवून येतो.
आम्हीच का, ते आजोबा सांगायचे,
दर वेळी निराळं.

यंदा गुडघे नाही म्हणाले.
डबा तमिळमणीच्या खांद्यावर दिला. म्हटलं,
ओल्या दगडावर टाच टेकू नकोस, बोटं रोव.
'माहितेय, अप्पा.'
मीही माझ्या बापाला एवढंच म्हणालो होतो.

दारापुढं प्लास्टिकच्या खुर्चीत बसलोय.
पाऊस नुकता उघडला.
आळीत कुणी पणती लावलेली नाही,
आधी डोंगर पेटायचा, मग उंबरे.

खरं सांगायचं तर
मी हा दीप कधी पाहिलेलाच नाही.
वर असताना धूर दिसतो,
उडणारं तूप, कापडाच्या वातीशी झोंबणारा वारा,
आणि आपल्याच भुवया जळल्याचा वास.
दीप पाहायचा तर खाली राहावं लागतं.

शेजारची पोर विचारते, हा दिवा कधीपासून आहे?
अगं, तेच शोधायला दोघं निघाले होते.
थोरला कोण, यावरून जुंपली दोघांची,
तर मध्येच उजेडाचा खांब उभा राहिला,
ना बूड, ना शेंडा.
एक डुक्कर होऊन खाली उकरत गेला.
एक हंस होऊन वर.
उकरणारा परतला, नाकाला चिखल,
म्हणाला, नाही सापडलं.
हंसाला वाटेत केवडा भेटला,
वरून पडत येत होता, किती युगं
ते त्यालाही आठवत नव्हतं.
हंस म्हणाला, मी शेंडा पाहिला असं सांगशील?
केवडा हो म्हणाला.
म्हणून तो शिवाला चालत नाही.

'पण केवड्याला काय मिळालं खोटं बोलून?'
मला उत्तर आलं नाही.
पोर गेली पाण्यात उड्या मारत.

अंजलै पणतीत तेल ओततेय.
लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं,
वरून आपली पणती दिसते का हो?
वरून गाव म्हणजे उजेडाच्या सांडलेल्या लाह्या.
त्यातली आपली कुठली?
'दिसली,' मी म्हणालो,
'ज्योत जराशी डावीकडे झुकली होती.'
मग ती दर वर्षी दिसत गेली.

आज वातीचं टोक बोटांत पिळत
ती सहज बोलून जाते,
'सेल्वी गेली, त्या वर्षी मी पणती लावलीच नव्हती.
दार लोटून अंधारात बसले होते.
तुम्ही आलात, तळव्यांना फोड,
आणि म्हणालात, दिसली.
डावीकडे झुकलेली.'

मी डोंगराकडे बघत राहतो.
'मग तेव्हा बोलली का नाहीस?'

'म्हटलं, यांनी पाहिली
म्हणजे कुणीतरी लावली असेल.'

तेवढ्यात आळी ओरडते, अरोहरा!
वर एक ठिणगी. विझली की काय?
नाही. धरली.
एवढासाच असतो होय हा, नखाएवढा,
आणि सगळ्या आळीचे चेहरे वर.
सव्वीस वर्षं मी याच्या शेजारी
याच्याकडे पाठ करून खोकत होतो.

फोन वाजतो. वाऱ्यात तुटणारा आवाज.
'अम्मा, दिसली! आपली पणती दिसली इथून!'

काडेपेटी सादळलेली.
तीन काड्या वाया गेल्या, चौथी माझ्या हातात.

अंजलै माझ्याकडे बघते,
फोनमध्ये म्हणते, 'हो राजा. कशी दिसतेय?'
तो सांगत राहतो. ती मान डोलावत ऐकते,
आणि मोकळ्या हातानं मला खुणावते,
लवकर, लवकर.