कोयरी वळवताना

वडगावात, मागांच्या खडखडाटात,
आलेखाच्या कागदावर नागव्वा कोयरी काढते.
पदराच्या कोपऱ्यात ती काटकोनात वळायला हवी.

होनगेकर सरांची सारणी मला अजून पाठ:
वर शून्य, उणे एक,
खाली एक, शून्य.
तीन-एकचा ठिपका उणे एक-तीनवर.
पेन्सिलीनं एकेक हलवत बसतो.

"काय मोजूलास रे?"
ती कागदच फिरवते. झालं.

संध्याकाळी पदर उतरतो
आणि कोयरी फुगलेली, भोपळ्यासारखी.
उभे धागे दाट, आडवे विरळ,
हे ना सारणीला ठाऊक, ना कागदाला.

नागव्वा हसत नाही. खोडरबर शोधते.
सगळे ठिपके पुसले जातात,
मधला तेवढा राहतो,
दोन्ही वेळा जागचा न हललेला,
तिच्या अंगठ्याच्या डागासकट.