किती चालता?

मंगळवारी आणि गुरुवारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
जिथे आदल्या रात्री ब्रास बँडचा सराव असतो
आणि खुर्च्या अजून अर्धवर्तुळातच,
आम्ही सहा जण भत्त्यांचा कायदा शिकतो.

बेव्हर्ली ओड्लिंग शिकवते. तिच्या चष्म्याला दोरी,
दोरीला आणखी एक चष्मा.
पहिल्याच दिवशी म्हणाली : दयाबिया घरी ठेवून या,
इथे तारखा लागतात.

महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज.
तो फेटाळला की अपील, पुन्हा एक महिना.
पाकिटं फेकू नका, शिक्का जपा.
मी लिहून घेते.
वीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीवर
हॅडॉकचे काटे काढलेत या बोटांनी,
पेन धरतानाही ती सुरीसारखी वळतात.
ते बरंच आहे. कलमावरूनही तसंच बोट फिरवायचं,
'किंवा' कुठे टोचतो ते बघायचं.

दुपारी नाटक. मी सल्लागार, दानुता अर्जदार.
तिच्या चिठ्ठीवर : संधिवात, दोन मुलं, थकलेलं भाडं.
'स्वयंपाक करता येतो?'
'येतो,' दानुता म्हणते, मी खूण करते.
बेव्हर्ली पेन्सिल आपटते.
'कसा येतो? बसून की उभ्यानं?
पातेलं हातातून सुटतं?
आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा?
"येतो" हे उत्तर नाही, दार आहे. आत जा.'

नोव्हेंबरात पहिला खरा माणूस.
क्लिफ ब्लॅन्चर्ड, बर्फाच्या कारखान्यातला फिटर,
इस्त्रीचा शर्ट, बटणं एका काजानं चुकलेली.
बेव्हर्ली कोपऱ्यात, नसल्यासारखी.
'कसं काय?' मी म्हटलं.
'चालतंय.'

फॉर्मात शेवटी तोच प्रश्न असतो.
वीस मीटर, पन्नास, दोनशे,
प्रत्येक अंतराचे गुण ठरलेले.
'स्टॉपवरून इथवर कसे आलात?'
'चालत.'
'मध्ये थांबलात कुठे?'
बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.
पैजेच्या दुकानाशी, म्हणाला. घोडे बघायला.
मग न्हाव्यापाशी. दर बघायला.
मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. एकही केस नव्हता.
तोही हसला, हसता हसता धाप लागली,
आणि ती जिरायला लागलेली मिनिटं
मी समासात लिहिली. चार.

'बायको असती तर सही करू दिली नसती.
आम्ही कुणाचं घेतलं नाही कधी.'
यावर शिकवलेलं एक वाक्य होतं माझ्याकडे.
ते आठवेना. मी विचारलं,
'पगारातून किती वर्षं कापत होते?'
'बेचाळीस.'
'मग ही तुमची उधारी आहे. वसूल करा.'

त्यानं सही केली, सावकाश, आडनावात दोनदा थांबून.
संध्याकाळी बेव्हर्लीचा शेरा, लाल शाईत :
*हा भत्ता कपातीवर अवलंबून नसतो. चुकीची माहिती.*
आणि खाली, दुसऱ्या चष्म्यातून लिहिल्यासारखं बारीक :
*बटणं पाहिलीस, फॉर्मात घातली नाहीस. उद्या घाल.*

घरी जाताना मी पावलं मोजली.
स्टॉपपासून पैजेचं दुकान, एकोणीस मीटर.
तिथून न्हावी, आणखी चौदा.
वाऱ्याला धुराड्यातल्या माशांचा वास होता.
बस येईना, म्हणून आईला फोन लावला.
'कशी आहेस?'
'चालतंय गं.'
'कुठपर्यंत?' मी विचारलं.