जळू दे म्हणण्याआधी

एप्रिलची अठरा. उत्तरेच्या उतारावर
अजून गुडघाभर बर्फ, आणि दक्षिणेला
गेल्या वर्षीचं गवत, पापडासारखं वाळलेलं.
या मधल्या पंधरवड्यात डोंगर कुणाचाच नसतो,
ना हिवाळ्याचा, ना उन्हाळ्याचा.
तेव्हाच वीज पडली, पावसाशिवाय,
क्विल्टी क्रीकच्या वर, एका मेलेल्या फरवर.

सगळ्यात जवळचा डांबरी रस्ता बासष्ट मैलांवर.
माझ्याकडे अकरा माणसं, दोन बंब,
एक हेलिकॉप्टर, तेही उद्या, वारा पडला तर.
रेडिओवर ऑफिस विचारतं, विझवणार ना?
मी म्हणते, थांबा, नकाशा बघतेय.

नकाशा बघत नव्हते. वास घेत होते.
फरचा धूर गोडसर, राळेचा, जड.
त्या जंगलाला ऐंशी वर्षं कुणी जळू दिलं नाही;
खोडाला खोड टेकून उभं,
मेलेल्यांना पडायलाही जागा नाही.
ते जळावं. थोडं, बर्फाच्या पहाऱ्यात, आपल्या बेतानं.
पण खाली खोऱ्यात सेजब्रश,
दवण्याचं रानटी भावंड, रुपेरी, कमरेइतकं.
ते जळलं की परत येत नाही. म्हणजे येतं,
पण तेव्हा मी नसेन.
आधी येतं चीटग्रास, परकं, फुकटं,
जूनमध्येच वाळून पुढच्या आगीची वाट बघणारं.

म्हणून, वरचं जळू दे, खालचं नाही.
बोलायला पाच शब्द.

वॉन्डा टायबो नकाशाकडे ढुंकूनही बघत नाही.
"मेंढ्यांची जुनी वाट," म्हणते, "खडकापासून ओढ्यापर्यंत.
माझा काका तिथून घोडे उतरवायचा."
वाट म्हणजे हातभर रुंद, उघडी माती,
खुरांनी शंभर वर्षं खणलेली.
आम्ही ती फक्त रुंद केली,
कुदळीनं, फावड्यानं, दुपारी तीनपर्यंत.

खालच्या कुरणात सातुर्निनोच्या नऊशे मेंढ्या,
निम्म्या व्यालेल्या, निम्म्या आज-उद्यावर.
पेरूच्या डोंगरातून आलेला माणूस; हलत नाही म्हणतो.
मालक, लायल अरिझाबाला, फोनवर ओरडतो,
आग समोर आहे आणि तुम्ही बघत बसलात?
खरंच होतं. बघत बसलो होतो.
बघणं हे आमचं निम्मं काम,
पण हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?
ज्याचं जळतं त्याला कळतं.

साडेचारला वारा फिरला.
मी म्हटलं, पेटवा. वाटेच्या वरच्या कडेनं
आम्हीच आग लावत गेलो, आगीला भेटायला आग.
दोन्ही एकमेकींत शिरल्या तेव्हा
कानात दडे बसावेत असा हुंकार,
आणि मग, कशी कोण जाणे, एक ठिणगी
आमच्या डोक्यांवरून खाली गेली.

सेजब्रश धुमसत नाही. भडकतं, तेलात बुडवल्यासारखं.
बंब पोचायच्या आत तिथे सातुर्निनो,
हातात ओली गोणी, जाकिटातून बाहेर
आज जन्मलेल्या कोकराचं डोकं.
गोणी आपटत होता आणि कोकराशी बोलत होता,
आमच्याशी नाही.

रात्रभर वर जंगल तडतडलं.
फरचं एकेक झाड मशालीसारखं, मग अंधार, मग दुसरं.
मी झोपले नाही. मान्य करते, सुंदर होतं.

पहाटे खालच्या माळावर सेज ग्राउस उतरले,
पिवळ्या पिशव्या फुगवून छाती काढलेले नर,
रिकाम्या रांजणात थेंब पडावा तसा त्यांचा आवाज.
जळलेल्या तुकड्यावर एकटाच एक नाचत होता,
पायांनी राख उडवत, जागा तीच समजून.
वॉन्डानं मोजले. तेवीस. काल सव्वीस होते म्हणाली,
मग म्हणाली, नाही, काल मोजलेच नव्हते.

ऑफिसनं विचारलं, किती जळलं?
वर चारशे दहा एकर, मी सांगितलं, अजून जळतंय, जळू दे.
आणि खाली?
ते मी पावलांनी मोजायला गेले.
अर्धा एकर. परत एकदा मोजलं.