हेडलाइट

माझं दुकान रंगाचं, पूर्णा जंक्शनच्या फाटकापासून चौथं.
थिनर, टर्पेंटाइन, वॉर्निश, लांबी –
डोळे बांधा, कुठल्या डब्याचं झाकण उघडलं ते सांगतो.
हा गर्व होता मला
भाच्यानं लीड्सहून इंजिनाची पेटी पाठवीपर्यंत.

एकशे बेचाळीस तुकडे, राखाडी, बोटाच्या पेराएवढे.
मी एनसी थिनरचा थेंब सोडला :
टेंडरची कड मेणबत्तीसारखी खाली बसली.
टर्पेंटाइननं काहीच केलं नाही, नुसतं ओलं झालं.
बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं, तर सांधा पांढुरका पडला
ओल आलेल्या भिंतीला खार फुटतो तसा.
बायको दोन दिवस बोलली नाही. तो वेगळा सांधा.

शेवटी नांदेडच्या पाटीवाल्यानं,
दवाखान्यांच्या नावांची अ‍ॅक्रिलिक अक्षरं चिकटवणाऱ्या,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत क्लोरोफॉर्म दिलं.
बाटलीवर मी लाल ऑइलपेंटनं लिहिलं :
विष. पिऊ नये. हुंगूही नये.

मग कळलं, हे चिकटवणं नाहीच.
दोन तुकडे कोरडेच जुळवून धरायचे,
झिरो नंबरच्या ब्रशचं टोक फटीला टेकवायचं फक्त,
ते आपलं आपण आत धावतं.
दोन्ही कडा घटकाभर मऊ होतात
आणि उद्या सकाळी
कुठली कड कुणाची, मलाही सांगता येत नाही.

पण मे महिना. बाटलीपासून सांध्यापर्यंत जाता जाता
ब्रश वाळतो.
म्हणून पहाटे साडेचारला, गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन,
आणि त्याच वेळी फिरायला निघतात खिल्लारे फिटर.

लोको शेडात एकतीस वर्षं.
वाफेची इंजिनं गेली तेव्हा त्यांना डिझेलवर टाकलं.
हाताला पहिल्यासारखं काळं लागेना
म्हणून म्हणे महिनाभर झोप नव्हती.

इंजिन त्यांनी तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"कुनाचं हे?"
इंग्लंडचं.
"बफर दोन. काऊकॅचर न्हाई. हेडलाइट बी न्हाई?
रातच्याला मिरखेलपाशी म्हशी बसल्या तर दिसतील कशा याला?"
म्हटलं, तिकडं म्हशी रुळावर बसत नसतील.
"मंग डायवरला जागं कशापायी ठिवायचं?"

काऊकॅचर जमलं. पेटीतल्या चौकटीच्या उरलेल्या काड्या,
एकाच जातीचं प्लास्टिक, एका थेंबात एकजीव.
हेडलाइटसाठी त्यांनी खिशातून पेनाचं टोपण काढलं,
ब्लेडनं कापलं, लावलं.
पडलं.

क्लोरोफॉर्म, पडलं. थिनर, पडलं.
ज्युनिअर कॉलेजातून अ‍ॅसिटोन आणलं, चिमटा लावून रात्रभर ठेवलं;
चिमटा काढला, पडलं.
चार पहाटा गेल्या. दुकानातलं सगळं झालं,
गंज काढायचं औषधसुद्धा.
टोपण होतं तसं, निळंच्या निळं,
वर कंपनीचं नावही पुसलं नव्हतं.
मी चिडलो. सगळं आयुष्य डब्यांच्या वासात गेलं माझं.

खिल्लारे म्हणाले, "ते आयकत न्हाई. तार हाय का?"

मोटार वायंडिंगवाल्या हमीदकडून तांब्याची तार आणली, केसासारखी.
तिचे चार वेढे धुराड्यापुढं, दोन टोपणाला,
पक्कडीनं पीळ.
"परळीच्या गाडीला येकदा आसंच केलतं.
फोरमन म्हनला, रिपेर झालं का? म्हनलं, झालं.
नांदेडपस्तोर इझला न्हाई."

इंजिन आता काउंटरवर असतं, लांबीच्या डब्यांशेजारी.
एक पोरगं विचारत होतं, चालतं का?
नाही चालत.
मग टेंडर कामून वाकडं?
त्याला मी रंगाचं शेडकार्ड दिलं खेळायला.

शटर वर केलं की खिल्लारे येतात.
आधी अंगठ्यानं तार चाचपतात,
मग मला जय भीम.