पिग्मी

एकतीस वर्षं, रविवार सोडून,
मी डिचोलीच्या बाजारात दुकान दुकान फिरतो.
पिशवीत वही, वहीत कार्बन,
बोटावरची निळाई आता कातडीचीच झाली आहे.
नाव कुणी घेत नाही. म्हणतात, पिग्मी आला.

दहाच्या नोटेला वास असतो, हे बँकेत बसणाऱ्याला कळत नाही.
शांबाच्या नोटेला खोबरेलाचा,
गॅरेजवाल्या रुझारच्या नोटेला ग्रीसचा,
आणि चंद्रावतीच्या नोटेला
आबोलीचा नव्हे, आबोलीला वासच नसतो,
ती फाती गुंफते त्या ओल्या केळीच्या सोपटाचा.

मग खांबाखांबावर तो चौकोन आला,
जणू कुणी ठिपके काढले आणि रांगोळी जोडायची राहून गेली.
शांबा म्हणाला, आता रोज नको येऊस, महिन्याला ये.
रुझार म्हणाला, चहा घे. पैशांचं काहीच बोलला नाही.

पाळीच्या वाटेवर धनंजय गांवसचे चार ट्रक
खाण बंद पडली तेव्हापासून उभे आहेत.
हौद्यात साचलेलं पाणी, पाण्यात बेडूक.
त्याचा पोरगा सर्वज्ञ म्हणाला, काका, मी खाण सुरू केली.
मी बघायला गेलो.
गोठ्यात सहा यंत्रं, पंख्यांची घरघर,
भिंतीवर बसलेली जुनी लाल धूळ तेवढी ओळखीची.
काय काढतोस?
नाणी.
दाखव.
ती नसतातच, काका. कुणाची आहेत, एवढंच असतं.

मला हसू यायला हवं होतं.
मी काखेतल्या वहीकडे बघितलं.
तिच्यात तरी दुसरं काय होतं?

(विजेचं बिल मात्र कागदावरच आलं.
जुन्या खाणीनं विहीर आटवली होती,
हिनं मीटर पळवला. धनंजयनं आठ दिवस पोराशी बोलणं टाकलं.)

चंद्रावतीला अक्षर येत नाही.
म्हणून तिला मुलानं बोलणारा डबा आणून दिला.
वीस रुपये प्राप्त, पन्नास रुपये प्राप्त,
बाईचा आवाज, खणखणीत हिंदीत,
मासळीवाल्यांपर्यंत जातो.
समोरच्या तावेर्नात तिचा नवरा बसलेला असतो.
त्याला वही लागत नाही, कार्बन लागत नाही.
रात्री जेवताना तो म्हणतो, आज सहाशे चाळीस.
आणि सहाशे चाळीसच असतात.

तेवीस वर्षं ती मला दहा देत आली,
पुढे वीस, चतुर्थीच्या आठवड्यात शंभर.
पावती कधी घरी नेली नाही.
घरात कागद बोलतो, म्हणायची.
त्याच पैशांतून मुलगी नर्सिंगला गेली,
आणि तिच्या बापाला वाटतं, सरकारनं पाठवली.

ह्या बयेच्या पोटात काही राहत नाही बघा,
ती डब्याकडे बोट दाखवून म्हणाली.

परवा बँकेचं पत्र आलं. योजना मार्चअखेर बंद.
खातेदारांनी ॲप घ्यावं, एजंटांनी वह्या जमा कराव्यात.
वह्या करीन जमा.
तिच्या पावत्यांचं कुणी विचारलेलं नाही,
त्या माझ्या घरी बिस्किटांच्या डब्यात आहेत,
माझ्या बायकोलाही ठाऊक नाही कुणाच्या.

आज बुधवार, बाजाराचा दिवस.
चंद्रावतीनं मला लांबून बघितलं,
डबा उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला,
वर आबोलीची अख्खी रास ओतली
आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, आता पाठव.
फुलांच्या खालून काहीतरी पुटपुटलं,
वीस की तीस, मलाही कळलं नाही.

तावेर्नाच्या दारात एक मान वर झाली.

तिनं कमरेची पिशवी सोडली,
देवळातल्या भटाकडून बदलून घेतलेली नाणी,
कुंकू लागलेली, एकेक करून माझ्या तळहातावर ठेवली.
मोजून घे, म्हणाली.
हळू मोज.